तीनदा विसळलेली बाटली

औद्योगिक वसाहतीच्या फाटकातून तिची जुनी स्कूटर आत वळली की पहिल्या कारखान्याचा वॉचमन दुसऱ्याला फोन करायचा, "बाटली निघाली." दुसरा तिसऱ्याला कळवायचा. पाच मिनिटांत चाळीस कारखान्यांना खबर पोचायची. तिलाही हे ठाऊक होतं. एकदा तिने त्या वॉचमनला सरळच सांगितलं, "आज मी फक्त तेरा नंबरला चालले आहे, उगाच सगळ्यांची धावपळ करू नका." त्याने आदराने मान डोलावली आणि तरीही सगळ्यांना फोन केला. न जाणो, मावशींनी फसवलं तर.

तिला सगळे बाटलीमावशी म्हणायचे. नव्या माणसाचा या नावाने भलताच समज व्हायचा, आणि तो दूर करायची घाई कुणालाच नसायची.

राज्याच्या प्रदूषण कार्यालयात ती नमुने गोळा करायच्या कामावर होती. कार्यालय म्हणजे पोस्टाच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. एकीत साहेब, दुसरीत कपाटं, तिसरीत प्रयोगशाळा. कारखान्याचं वापरलेलं पाणी जिथे नाल्यात पडतं तिथे जायचं, ते पाणी बाटल्यांत भरायचं, बाटलीवर चिठ्ठी लावायची, सील करायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं आणि चारच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचं, हे तिचं काम. सव्वीस वर्षं तिने ते केलं. घरी कुणी विचारलं तर ती "पाणी आणायला जाते" एवढंच म्हणायची.

काम तिला शिकवलं होतं प्रयोगशाळेतल्या जुन्या बाईंनी. त्या फार कडक होत्या. पहिल्या महिन्यात त्यांनी तिच्या सतरा बाटल्या तिच्यादेखत मोरीत ओतल्या होत्या. "जे पाणी भरायचं त्याच पाण्याने बाटली आधी तीनदा विसळायची. दोनदा नाही, चारदा नाही, तीनदा." ते तिच्या हातात इतकं बसलं, की घरात पिण्याच्या पाण्याचं तांब्याभांडंसुद्धा ती तीनदा विसळायची. त्या बाईंचं नाव निघालं की ती म्हणायची, "माझे हात त्यांचे आहेत."

ती निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी राज्याने नवं उद्योगधोरण आणलं. साहेबांनी ते तिघा-चौघांना समोर बसवून वाचून दाखवलं. साहेब तसे तरुण, बारीक अंगाचे, पित्ताने बेजार. टेबलावर कायम थंड दुधाचा पेला. पूर्वी परवाना नवा करून घ्यायला कारखानदारांना वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत, आणि घाण सोडणारा कारखाना बंद करायलाही तेवढीच वर्षं लागत. चांगल्याची आणि वाईटाची फाईल एकाच कपाटात धूळ खात पडायची. आता तसं होणार नव्हतं. ज्याचे ओळीने तीन नमुने चांगले येतील त्याला पाच वर्षांचा परवाना आणि तपासणीचा जाच नाही. ज्याचा एक नमुना बिघडेल त्याला पंधरा दिवसांची नोटीस, सोळाव्या दिवशी वीज बंद. फेरनमुना नाही आणि सुनावणीही नाही, कारण त्याच नावाखाली लोक आजवर वेळ काढत आले होते. अपवाद एकच. नमुना घेणाऱ्यानेच आपली चूक लिहून दिली तर नमुना रद्द.

"चांगलंच आहे की," ती म्हणाली. "कामाला वेग येईल."

"येईल," साहेब दुधाचा घोट घेत म्हणाले. "ब्रेक कुठे आहे तेवढं शोधतोय मी."

महिन्याला बारा नमुने व्हायचे ते चाळीस व्हायला लागले. प्लॅस्टिकच्या बाटल्या संपल्या. नव्या मागवताना साहेबांनी सगळ्या तपासण्यांसाठी एकाच जातीच्या तपकिरी काचेच्या बाटल्या घेतल्या. त्या लवकर मिळाल्या.

नऊ नंबरला नट-बोल्टचा कारखाना होता. त्रेपन्न माणसं, त्यांतल्या निम्म्या बायका. लांब टेबलाशी बसून त्या बोल्ट निवडायच्या आणि आटे बिघडलेला बोल्ट न बघता, नुसत्या बोटांनी बाजूला काढायच्या. यंत्रांवर तेल लागतं, ते धुण्याच्या पाण्यात उतरतं. म्हणून मालकाने मागच्या अंगणात तीन कप्प्यांची टाकी बांधली होती. वर तरंगणारं तेल तिथे वेगळं व्हायचं. नियमाप्रमाणे लिटरमागे दहा मिलिग्रॅमपर्यंत तेल चालतं, यांचं सहा-सातवर असायचं. दोन नमुने चांगले आले होते. तिसरा आला की पाच वर्षांचा परवाना, आणि परवाना आला की एका ट्रॅक्टर कंपनीचं काम मिळणार होतं. त्या कामासाठी मालकाने दुसऱ्या शेडचा पाया भरून ठेवला होता.

तिसरा नमुना घ्यायला ती गेली तो गुरुवार होता, सकाळी सव्वादहाची वेळ. फोरमन नेहमीप्रमाणे सोबत आला. पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस.

"मावशी, आमच्या हिला मोतीबिंदू सांगितलाय. तुमच्या यजमानांचं कुठे केलंत?"

तिने डॉक्टर सांगितला. आधी काय तपासण्या करतात, डोळ्यावर पट्टी किती दिवस, हिरवा चष्मा किती दिवस, सगळं सांगितलं. फोरमनला एकेक गोष्ट दोनदा विचारायची सवय होती, म्हणून दोनदा सांगितलं. बोलता बोलता आठ बाटल्या भरून झाल्या.

तिथून ती नदीकाठच्या चामड्याच्या कारखान्यात गेली. या कारखान्याने तिला बरीच वर्षं झुलवलं होतं. "बाटली निघाली" असा फोन आला की तिथे एक झडप बंद व्हायची, दुसरी उघडायची, आणि ती पोचेपर्यंत नाल्यात पिण्याजोगं पाणी वाहत असायचं. त्याच्या खालच्या अंगाला एक म्हातारे गृहस्थ रोपवाटिका चालवायचे. नदीचंच पाणी घ्यायचे, आणि त्यांची रोपं ट्रेच्या ट्रे करपायची. त्यांनी कार्यालयाला अकरा अर्ज दिले होते. पण त्या गुरुवारी पहिला वॉचमन रजेवर होता. ती पोचली तेव्हा नाल्यातून निळसर तपकिरी पाणी फेसाळत चाललं होतं. तिने ते भरून घेतलं.

बाराव्या दिवशी निकाल आले. चामड्याचा कारखाना आठांपैकी सहा गोष्टींत नापास. आणि बोल्टचा कारखाना एका गोष्टीत. तेल, चौदा.

"यांचं चौदा?" ती प्रयोगशाळेत दोनदा विचारून आली. यंत्र बरोबर होतं.

कार्यालय लहान, त्यामुळे नोटीस चिकटवायचं कामही तिच्याकडेच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खळीचा डबा आणि ब्रश घेऊन नऊ नंबरच्या फाटकाशी उभी राहिली. फोरमन बाहेर आला. मागोमाग पाच-सहा बायका दारात येऊन थांबल्या. कुणी भांडलं नाही. त्यांनी भांडण काढलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

"मावशी, आम्ही तुमच्याबद्दल वाकडा शब्द काढणार नाही," फोरमन म्हणाला. "आमच्याच टाकीत काहीतरी बिघाड झाला असणार. मी मालकांनाही तेच सांगितलं. म्हटलं, मी स्वतः शेजारी उभा होतो. ती शेवटची बाटली, जिच्यावर त्यांनी 'तेल' लिहिलं, तीसुद्धा मावशींनी तीनतीनदा विसळून घेतली. एवढं कोण करतं आजकाल?"

ब्रश तिच्या हातात तसाच राहिला.

बाकी सगळ्या बाटल्या विसळायच्या असतात, तेलाची तेवढी विसळायची नसते. तेल काचेला चिकटतं. बाटली विसळून पाणी ओतून दिलं तरी तेलाचा थर आत राहतो. तीनदा विसळली की तीन थरांची भर पडते, आणि सहाचे चौदा होतात. पूर्वी तेलाची बाटली बुटकी आणि रुंद तोंडाची असायची. हाताला ती ओळखू यायची. नव्या बाटल्या सगळ्या सारख्या. तोंड मोतीबिंदूवर बोलत होतं आणि हातांनी आपलं नेहमीचं काम केलं होतं. जगात ही गोष्ट पाहिलेला माणूस एकच होता, आणि तो तिचं कौतुक करत होता.

"मावशी, कोपरा राहिला," फोरमन म्हणाला. नोटिशीचा एक कोपरा वाऱ्याने फडफडत होता. त्याने तो स्वतःच्या तळहाताने दाबून नीट बसवला.

घरी तिचा नवरा बाहेरच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करत बसलेला असायचा. डोळ्याला भिंग, पुढ्यात मखमलीचा तुकडा. सगळे त्याला घड्याळजीच म्हणत. ती येऊन समोरच्या स्टुलावर बसली, आणि चपला काढायच्या राहिल्या हे तिच्याआधी त्याच्या लक्षात आलं.

"काय झालं?"

तिने सांगितलं.

"नक्की विसळलीस?"

"अहो, आता हाताला आठवतंय. पाणी ओतताना वर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला होता. तेव्हा दिसला आणि मी बोलत राहिले."

"मग लिहून दे."

"ते देणारच आहे. पण त्याच दिवशी तासाभराने मी चामडेवाल्यांचं पाणी घेतलं. तिथली तेलाची बाटली विसळली की नाही, ते आठवत नाही. बाकी पाच गोष्टी त्यांच्या बिघडलेल्याच आहेत. पण मी एक चूक कबूल केली की ते त्याच दोराला धरून वर येतील. वर्षानुवर्षांनी सापडलेत हो."

घड्याळजीने भिंग काढून ठेवलं. मग म्हणाला, "तुझी चौकशी लावतील का?"

"लावतील. पेन्शनला सात महिने राहिलेत. अडकवतीलही."

"म्हणजे मला अजून चार-दोन वर्षं हे काम करावं लागणार," तो म्हणाला. "बरं झालं डोळ्याचं करून घेतलं ते."

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू. पुढे ही गोष्ट निघाली की ती म्हणायची, त्यांनी मला सल्ला दिला असता तर मी त्यावर वाद घातला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिने कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"बसा मावशी. याने काय होईल ते कळतंय ना तुम्हाला? बोल्टवाले सुटतील. आणि चामडेवालेही सुटतील."

"त्यांचं पाणी खरोखरच घाण आहे, साहेब."

"मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, नदीला तर केव्हापासून माहीत आहे. पण त्यांचा वकील एकच प्रश्न विचारेल. बाई सकाळी सव्वादहाला चुकल्या, सव्वाअकराला चुकल्या नाहीत कशावरून?"

ती टेबलावरचा कागद बोटाने सरळ करत राहिली.

"दोन दिवस थांबून बघू या का? काही वाट निघते का ते पाहू," साहेब म्हणाले.

"साहेब, त्यांच्या पंधरा दिवसांतला एक दिवस कालच गेला. ट्रॅक्टरवाले त्यांच्यासाठी थांबणार नाहीत. दुसरीकडे गेलेलं काम परत येत नाही, असं फोरमन म्हणत होता."

साहेबांनी पेला सरकवला, पेन काढलं आणि तिच्या सहीखाली चार ओळी लिहिल्या. मग कागद तिच्याकडे वळवला. त्यांनी लिहिलं होतं, की सर्व तपासण्यांसाठी एकसारख्या बाटल्या देण्याचा निर्णय आपला होता, त्यामुळे या चुकीत आपलाही वाटा आहे.

"हे कशाला, साहेब? तुमची अजून वीस वर्षं नोकरी आहे."

"म्हणूनच. वीस वर्षं मला तुमच्यासारख्यांकडून काम करून घ्यायचंय," ते म्हणाले, आणि शिक्का मारला.

सहाव्या दिवशी बोल्टच्या कारखान्याचं पाणी पुन्हा घेतलं. मालक, फोरमन, साहेब, सगळे टाकीभोवती उभे. बाटली तिच्याच हातात दिली होती साहेबांनी. या वेळी तिने ती न विसळता भरली. तेल आलं सहा. नवव्या दिवशी फाटकावरची नोटीस उतरवली गेली, त्याच महिन्यात परवाना आला, आणि दुसऱ्या शेडच्या भिंती उभ्या राहू लागल्या. चामड्याच्या कारखान्याने कोर्टातून स्थगिती आणली आणि तो पहिल्यासारखा सुरू झाला.

फोरमनने पेढ्यांचा पुडा आणला होता. तिने तो उघडलासुद्धा नाही. तिला आधी एका ठिकाणी जायचं होतं.

रविवारी सकाळी ती रोपवाटिकेत गेली. आजोबा बाकावर वाकून, चमच्याच्या दांड्याने एकेक कोवळं रोप उचलून ट्रेमध्ये लावत होते. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे ते चालूच राहणार."

"हो."

"तुमच्यामुळे."

"हो, माझ्यामुळे."

"मग मला सांगायला कशाला आलात? मला कळलंही नसतं. कोर्टाने सोडलं, एवढंच कानावर आलं असतं."

"तुम्ही अकरा अर्ज दिलेत, आजोबा. आजवर प्रत्येकाला छापील उत्तर गेलं. एकाचं तरी तोंडाने द्यावं म्हटलं."

आजोबांनी चमचा खाली ठेवला. ते तिला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे करपलेल्या रोपांचे ट्रे एकावर एक रचून ठेवले होते, तिच्या खांद्याएवढी चळत. क्षमा मागायला आलेल्या माणसाला तोंड उघडता येऊ नये, इतकी ती चळत उंच होती.

"बसा," ते शेवटी म्हणाले. "वाईट बातमी उभ्याने सांगू नये. ऐकणाऱ्यालाही उभं राहावं लागतं, आणि माझे गुडघे दुखतात."

दोघं उलट्या घातलेल्या बादल्यांवर बसले. आजोबांनी विचारलं, नमुना नेमका घेतात कसा? तिने पहिल्यापासून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"आणि बाटली एकच?"

"प्रत्येक तपासणीला एक."

"ती चुकली की संपलं?"

"संपलं."

"हे काही खरं नाही," आजोबा म्हणाले. "मी गिऱ्हाइकाला दहा ट्रे पाठवतो तेव्हा त्याच वाफ्यातला अकरावा माझ्याकडे ठेवतो. तो तक्रार घेऊन आला की रोपं मेली, तर मी माझा ट्रे दाखवतो. माझीही मेली असतील तर चूक माझी. माझी जगली तर त्याने पाणी घातलं नाही. भांडणच होत नाही. तुम्ही एक बाटली त्यांच्याच कपाटात ठेवा की, तुमचं सील लावून. मग वकील काय बोलणार?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सव्वीस वर्षांत हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं, साहेबांच्या नाही, आणि धोरण लिहिणाऱ्यांच्याही नाही. सुचलं ते तिने ज्याचं नुकसान केलं होतं त्याला.

सोमवारी तिने ते साहेबांना सांगितलं. धोरणाला वर्ष होत आलं होतं. सूचना मागवणारं पत्र राजधानीहून आलं होतं आणि साहेबांच्या ट्रेमध्ये पडून होतं. त्यांनी आजोबांचा ट्रे आणि तिची बाटली दोन्ही सविस्तर लिहून पाठवलं. त्यात स्वतःची एक सूचना घातली, की सगळा कारखाना एकदम बंद न करता ज्या भागातून घाण पाणी येतं तेवढाच आधी बंद करावा, म्हणजे बाकीच्यांचं काम चालू राहील. पत्र कुणी वाचेल अशी अपेक्षा दोघांनाही नव्हती.

तिची चौकशी झाली. तिघांनी दोन तास प्रश्न विचारले. ती प्रत्येक वेळी "हो, चूक माझीच" म्हणाली, तेव्हा त्यांनाच पुढे काय विचारावं ते सुचेना. सेवापुस्तकात एक ताकीद लागली आणि उरलेले महिने तिला बाटल्या धुवायच्या खोलीत बसवलं. पेन्शन अडली नाही. ताकिदीच्या पानाची आणि आपल्या कबुलीच्या कागदाची नक्कल ती पुढे कुणाही आल्यागेल्याला स्वतःहून दाखवायची, आणि कबुलीखालच्या साहेबांच्या चार ओळींवर बोट ठेवून म्हणायची, "हे वाचा. मला एकटीला सोडलं नाही."

ती निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी धोरणात दुरुस्ती झाली. प्रत्येक नमुना दोन बाटल्यांत, एक सील करून कारखान्याच्या ताब्यात, वाद झाल्यास दुसरी त्रयस्थ प्रयोगशाळेत उघडायची. बंदीही आधी तेवढ्याच भागाला. साहेबांनी घरी येऊन कागद दाखवला. घड्याळजीने भिंग लावून तो पूर्ण वाचला आणि म्हणाला, "इतक्या मोठ्या कागदात बायकोचं नाव कुठे नाही."

"आजोबांचंही नाही," ती म्हणाली.

चामड्याच्या कारखान्याचा नमुना नव्या नियमाने घेतला गेला. वकिलाने दुसरी बाटली उघडायला लावली. तीही तितकीच घाण निघाली, आणि त्यावर त्याला बोलायला काही उरलं नाही. कातडी भिजवण्याचा विभाग बंद झाला. शिवणकामाची शेड चालू राहिली आणि भिजवणारी माणसं तिथे पट्टे कापायला बसली. पाच महिन्यांत पाणी शुद्ध करण्याची टाकी उभी राहिली.

त्यानंतरच्या आठवड्यात आजोबांनी निरोप पाठवला, येऊन जा. ती गेली. त्यांनी नदीवरचा पंप सुरू करून रोपवाटिकेची टाकी भरली होती. तिला काठाशी नेऊन त्यांनी विचारलं, "काय वाटतं?"

तिने ओंजळीत पाणी घेतलं, उजेडाकडे धरलं, नाकाशी नेलं.

"प्रयोगशाळेला विचारावं लागेल," ती म्हणाली.

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, आता तरी. नोकरी संपली तुमची."

"वास नाही," ती म्हणाली. "तेवढं मी सांगू शकते." आणि ओंजळ न ओतता तशीच धरून उभी राहिली, बोटांच्या फटींतून पाणी ठिबकून संपेपर्यंत.